तळव्याला न कळलेला खिळा

माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय हा आमच्या दुकानातला सगळ्यात जुना नोकर. बूट दुरुस्त झाला की ते स्वतःचा पाय त्यात घालत, दारापर्यंत चालून परत येत आणि "चालेल" म्हणत. तो शब्द ऐकल्याशिवाय बूट फळीवर जात नसे. खिळ्याचं टोक आत वर आलंय का, शिवण बोचतेय का, हे अंगाचा भार पडला की पायालाच कळतं, हाताचं ते काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मी शेजारी मशीनवर चामडं शिवत बसलेली असे. आमच्याकडचा खिळा कुणाला टोचला, असं लग्न होऊन आल्यापासून माझ्या कानावर आलं नव्हतं.

मधुमेह त्यांचा जुनाच. गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायच्या. चहात साखर "एकच चमचा", पण तो चमचा म्हणजे चामडं चिकटवायचं सोल्यूशन ढवळायच्या पळ्याचा सख्खा भाऊ. मी बोलले की म्हणत, "अगं, रक्तातच साखर आहे, चहात घातली काय नि नाही काय." असल्या बोलण्यापुढे शहाण्यानं गप्प बसावं. मी शहाणी नाही, त्यामुळे आमचं रोज वाजायचं. गेल्या वर्षी पायाला मुंग्या येतात म्हणून कुरकुरत होते. मग एक दिवस म्हणाले, मुंग्या गेल्या, आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

एका सकाळी आमचे पोस्टमन बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर दुकानात आले. टाच आदल्याच दिवशी बदलून नेली होती.

"आत काहीतरी टोचतंय," ते जरा संकोचूनच म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना तक्रार करायची सवयच लागली नव्हती.

"शक्य नाही," सासरे म्हणाले. "काल मी घालून बघितलाय."

त्यांनी बूट घेतला, पाय घातला, दारापर्यंत गेले, परत आले. वर एकदा टाच आपटूनही बघितली. "काही नाही. तुम्हाला भास झाला असेल," म्हणत पाय बाहेर काढला. त्यांच्याच मोज्याच्या टाचेवर लाल ठिपका होता आणि आमच्या डोळ्यांदेखत मोठा होत होता. त्याच्या शेजारी दुसरा डाग होता, तपकिरी, वाळलेला. तो कालचा.

सासरे मोज्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, पण मी उठून त्यांच्याखाली स्टूल सरकवलं.

"आयुष्यभर खिळे टोचून घेतलेत, त्याचं काय एवढं कौतुक," म्हणून त्यांनी जखमेवर चिंधी बांधली. आठवडा गेला तरी ती भरेना. कडा सुजल्या, मोज्याला वास येऊ लागला, तसं मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण आणि शांत होत्या. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा सासऱ्यांनी तो आधी स्वतः वाचला. पांढऱ्या पेशींचा आकडा वर गेलेला बघून त्यांची कळी खुलली. "बघ, शिपाई वाढलेत. आता जखमेची काय बिशाद."

मग बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक ताठ धागा बाई तळव्याला टेकवणार, स्पर्श कळला की त्यांनी "हो" म्हणायचं.

"हो," सासरे म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "हो." मग ठरावीक अंतरानं, शाळेत हजेरी द्यावी तसं, "हो... हो..." म्हणत राहिले. बाईंचा हात कधीच थांबला होता. धागा हवेत होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. हा माणूस कुणाला फसवत नव्हता. त्याला परीक्षेत पास व्हायचं होतं.

बाईंनी त्यांना तसं तोंडावर सांगितलं नाही. म्हणाल्या, "काका, शिपाई वाढलेत ते खरं. पण रक्तात साखर फार झाली की ते सुस्तावतात. जखमेपाशी उशिरा पोचतात, आणि पोचले तरी जंतूंना नीट गिळत नाहीत."

"म्हणजे वरातीमागून घोडं."

"तेवढंच असतं तर निभावलं असतं. जंतूंना मारायला या पेशी ऑक्सिजनपासून एक जळजळीत द्रव्य तयार करतात. साखर चढलेली असली की ते कारण नसतानाही तयार होतं आणि सांडतं. शरीराकडे ते विझवायची सोय असते, पण ती पुरी पडत नाही. ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात याला. त्यात आपल्याच रक्तवाहिन्या होरपळतात, नसा होरपळतात."

"कुंपणानंच शेत खाल्लं की." सासरे म्हणाले. "बुटात खिळा गंजला की भोवतीचं चामडं काळं पडून तुटायला लागतं. तसंच का?"

"बरंचसं तसंच. आणि जंतू टाचेच्या हाडापर्यंत गेले, तर पाय कापावा लागेल."

"कुठला, उजवा?" त्यांनी विचारलं. दुसरा कुठला असणार होता? पण आम्ही दोघी "हो" म्हणालो.

त्या दिवसापासून मात्र त्यांनी मोडता घातला नाही. इन्सुलिन सुरू झालं, चमचा हद्दपार झाला. उजवा पाय जमिनीला लावायचा नाही अशी ताकीद होती, म्हणून तो दिवसभर स्टुलावर ठेवून ते हातांनी काम करत. पट्टी मी बदलायचे. पहिल्यांदा त्यांनी पाय मागे घेतला. "तू नको, त्याला सांग."

"तुमच्या मुलाला रक्त बघून घेरी येते. मग मी कुणाकुणाला धरू?" मी म्हटलं. त्यांनी पाय पुन्हा पुढे केला.

बूट तपासायची मी नवी रीत काढली. हातात नायलॉनचा जुना मोजा चढवून तो बुटाच्या आत सगळीकडे फिरवायचा, टोक असेल तर धागा अडकतो. सासऱ्यांनी दोन-चार बूट माझ्याकडून तपासून घेतले, चूक सापडेना, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. पायाची सर नाही, पण ठीक आहे." मी ते कौतुकच समजले, त्यांच्याकडे याहून जास्त मिळत नाही.

जखम भरायला तीन महिने लागले. शेवटी टाचेवर गुलाबी, नवी कातडी आली. दवाखान्यात त्यांनी ती बाईंना अशी दाखवली, जणू स्वतःच शिवली आहे. बाई हसल्या, पण म्हणाल्या, "पाय वाचला, काका. स्पर्श परत येईल याची मात्र आशा धरू नका. दोन्ही तळवे रोज कुणीतरी बघायचे. तुम्हाला न कळता पुन्हा लागेल."

"तसं मला थोडं थोडं कळतं," ते म्हणाले.

घरी आल्यावर दार लावून, दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून ते आपले आपणच तळवे बघत. दाराबाहेर मला त्यांचं कण्हणं ऐकू यायचं; त्यांचे गुडघे वाकत नव्हते आणि चष्म्यातून नीट दिसतही नव्हतं. मी आत गेले नाही. जित्याची खोड, म्हटलं आणि डोळे पुसले. या माणसाचा पाय 'मला कळतं' म्हणण्यापायी जाणार, ही भीती काही केल्या मनातून जाईना.

एका सकाळी दुकान उघडायच्या आधी मी मशीनला तेल देत होते. ते आले, स्टुलावर बसले, मोजे काढले आणि उजवा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"बघ गं पोरी," ते म्हणाले. "मला काही कळत नाही. दवाखान्यातसुद्धा कळत नव्हतं."

मी तळवा उजेडाकडे वळवून बघितला. बोटांच्या बेचक्या बघितल्या, टाच बघितली. कुठे काही नव्हतं. मी तसं सांगितलं, पण पाय हातातून सोडवेना, तशीच धरून बसले.

ते रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सोडलास का?"

"नाही, बाबा. धरलाय."

"असू दे मग," ते म्हणाले.