एक नंबर लहान

माझ्या मेढ्याच्या थोरल्या मामांइतक्या ऐटीत उभ्या जावळी तालुक्यात कोणी लंगडलं नसेल. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी आणि पायांत घोट्याच्या वर चढणारे जुन्या धाटणीचे लाल-पांढरे बास्केटबॉलचे बूट. बूट धाकट्या मामांचे. ते फौजेच्या संघातून खेळायचे. ते गेले तेव्हा तेराव्याला, मेलेल्या माणसाच्या वाटेत काटे असतात म्हणून, चपलांचा जोड दान द्यायचा होता. मामांनी स्वतःच्या मुरलेल्या, मऊ चपला दिल्या आणि भावाचे बूट ठेवून घेतले. "त्याची वाट लांबची. त्याला आराम, मला रुबाब!" बूट त्यांना एक नंबर लहान होते.

ते घालून मामा भातखाचराच्या बांधावर जात, आठवडी बाजारात मिरवत, लग्नाच्या पंगतीत मांडी न घालता पाय पुढं करून बसत. टाचा सोलल्या. "आवं, पाय कोंबताय का कडबा?" असं मामी विचारायच्या. "चालाय पाय सगळ्यांनाच हाईत," मामा म्हणत, "लोकांनी वळून बघाय पायजे."

घराला मात्र त्या बुटांची धास्ती होती. फरशीवर त्यांच्या रबराचा कुईं असा आवाज व्हायचा. भर दुपारी मामा बूट घालून समोर ओट्यावर बसलेले असत आणि आवाज आतून, माजघरातून येई. मामींचा भाकरी थापणारा हात थांबे. मामा हसून म्हणत, "धाकटा खेळतुया." मी भुताखेतांविरुद्धची पत्रकं वाटत मोठा झालेला. उंदीर शोधले, मांजर हाकललं, खिडकीच्या बिजागरीला तेल घातलं. तेलाची वाटी हातात असतानाच पुन्हा आवाज आला.

मागच्या खेपेला गेलो तर मामा ताठ चालत होते. लंगडणं गायब. "लय हलकं झाल्यात गड्या. आता चावतच न्हाईत. धाकट्यानं जागा दिली." मामींनी बुटांना हात जोडले. माझं डोकं फिरलं. भांडून बूट काढायला लावले. मोजा पायाला चिकटला होता. ओढला तेव्हा नख मोज्यातच राहिलं. मामा त्या काळ्या बोटाकडे दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाकडे बघावं तसं बघत होते. मी बोट दाबलं.

"दाबतुयास व्हय?" त्यांनी विचारलं.

"मामा, बुटानं जागा दिलेली नाही. रक्तातल्या साखरेनं तुमचा पाय बधिर केलाय. आत्ता साताऱ्याला निघायचं, नाहीतर पाय जाईल."

बोट गेलं, पाय वाचला. आता ते डॉक्टरांनी दिलेल्या रुंद, बेढब सँडल घालतात. कुणी वळून बघत नाही.

पण त्या दिवशी जीपमध्ये, घाट उतरताना, त्यांनी हळूच विचारलं होतं, "म्हंजी त्यानं जागा दिलीच न्हवती व्हय रं?"

उत्तर मला माहीत होतं. भर चौकात उभं राहून मी ते कितीदा ओरडून सांगितलं होतं. मी त्यांचा पाय मांडीवर घेतला, पंचा नीट गुंडाळला आणि साताऱ्यापर्यंत तसाच धरून ठेवला.