कॉव्हेंट्रीत आईच्या पाया पडले

इंग्लंडात ब्रॅकनेलमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये शनिवारी सकाळी आवाज करणारी एकच व्यक्ती असते, ती म्हणजे किटली. आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटची सॉफ्टवेअरं तपासणं हे माझं काम, म्हणजे आठवडाभर डोक्यावर तो डबा. त्यात सुट्टी मागायचा कंटाळा म्हणून यंदा दिवाळीला नागपूरला जाणं मीच रद्द केलं. "अगं, तुला हेडसेट पाठवलाय ना, त्यावर भेटूच की!" असं आईला ऐटीत सांगितलंही. आई फक्त "बरं" म्हणाली. ते "बरं" काही केल्या पचेना. कॉव्हेंट्रीला व्हीआरच्या इतिहासाचं छोटं प्रदर्शन लागलंय असं कळलं आणि निघाले. घरात बसून तरी काय करणार होते?

जाणाऱ्यांनी रीडिंग स्टेशनवर ट्रेन बदलावी. तिकीट आधीच काढा, ऐनवेळी खिसा कापतात मेले. कॉव्हेंट्रीत फोलसहिल रोडवर छोले-भटुरे खाल्ले. झकास होते, पण "एक घास बघ गं" म्हणायला समोर कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं.

प्रदर्शन एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. दाखवायला मार्गारेट नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. पहिल्या टेबलावर व्हिक्टोरियन काळातली लाकडी पेटी. दोन डोळ्यांना दोन जवळपास सारखे फोटो, आणि आत बघितलं की चपट्या चित्राला खोली येते.

"लोक घरबसल्या जग बघायचे यातून," मार्गारेट म्हणाल्या.

म्हणजे आमचं दुखणं जुनंच! पुढे छताला टांगाव्या लागणाऱ्या अवजड हेडसेटचा फोटो, मग नव्वदच्या दशकातलं, व्हिडिओ गेमच्या आर्केडमधलं हेल्मेट. ते घातलं तर मान मोडायची वेळ आली, आणि आत नुसते ठोकळे.

शेवटी आजचा हेडसेट. आपल्या फोनमधले व्हिडिओ त्यात बघता येत होते. भावाने घरी काढलेला थ्रीडी व्हिडिओ लावला. आई वेताच्या खुर्चीत बसलेली, अगदी हाताच्या अंतरावर. साडीखालून पावलं दिसत होती.

घरात पाऊल टाकलं की पहिलं काय करतो आपण? मी वाकले. खाडकन टेबलावर कपाळ आपटलं.

मार्गारेट धावत आल्या. "काही पडलं का, डिअर?"

"नाही हो. आईच्या पाया पडत होते."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि चहा आणून दिला. मला रडू आवरेना.

परतीच्या ट्रेनमध्ये काचेत टेंगूळ बघत बसले. एवढ्या इतिहासातून घरी आणलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी आईला फोनवर हसत हसत सगळं सांगितलं.

"फार लागलं का गं?" आणि मग, "मीही वेडीच बाई. तो डबा चढवला की तू दिसतेस, आणि आशीर्वादाला हात आपोआप पुढे जातो. डोकंच लागत नाही गं हाताला."

फोन ठेवला नाही. तिला तसंच लाइनवर ठेवून दिवाळीचं तिकीट काढलं.