तिसरीची कात्री

प्रसूतिगृहाच्या बाकावर माझ्यासमोर तीन बायका बसल्या होत्या. एक लोकरीचा गुंडा सोडत होती, दुसरी टोपडं विणत होती, तिसरी नुसती बघत होती. आत माझी लेक कळा देत होती आणि मला भलत्या वेळी ग्रीक पुराणातल्या तीन बहिणी आठवल्या. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मोजते, तिसरी कापते. आपली सटवाई निदान पाचवीपर्यंत तरी थांबते. या तर जन्मालाच हजर असतात.

टोपडं विणून झालं. तिसरीने मला विचारलं, "ताई, कात्री आहे का हो?"

बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत होती. मी पिशवी पोटाशी घट्ट धरून म्हणाले, "नाही."

"असू दे," ती म्हणाली आणि तिने धागा दातांनी तोडला.

आतून बाळाचं रडणं अजून ऐकू आलं नव्हतं.