रेघेपुढची टाच

नो-बॉल देताना आमच्या अंपायरांचा चेहरा असा पडायचा, की जणू पाय त्यांचाच पुढे गेला आहे. आधी खणखणीत आवाज, मग आडवा हात, आणि मग बॉलरकडे एक ओशाळलेली नजर. चेंडू परत आला की तो बॉलरच्या हातात देताना हळूच म्हणायचे, "राजा, घाई कोणाला आहे?" मॅच चालू असताना बॉलरशी ते एवढंच बोलत.

सातपूरच्या कंपन्यांच्या रविवारच्या मॅचेस तुम्ही कधी पाहिल्या असतील, तर तुम्हाला ते नक्की आठवतील. पांढरी टोपी, गुडघ्याशी ढगळ झालेली काळी पँट आणि अंपायरच्या कोटाच्या खिशात चिंचोके. एक चेंडू पडला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात जायचा. चेंडू मोजायचं छोटं यंत्र त्यांना कोणीतरी भेट दिलं होतं. ते त्यांच्या घरी शोकेसमध्ये, बाहुलीच्या शेजारी ठेवलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

एरवी ते विम्याचे एजंट. इंदिरानगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे सुरगाण्याकडचे, खूश झाले किंवा चिडले की बोलण्यात 'लय' आणि 'नाय' उतरायचं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. एकदा मी आपणहून पॉलिसीचं विचारलं, तर म्हणाले, "तू दुसऱ्याकडून घे. उद्या मी तुला विकेट दिली तर लोक म्हणतील, हप्ता भरतो म्हणून दिली." विम्याचा एजंट गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे पाठवतो, हे मी आयुष्यात एकदाच पाहिलं.

मी आमच्या कंपनीच्या टीमचा फास्ट बॉलर. फास्ट हे माझं मत. बॅट्समन लोकांचं वेगळं असावं. पण माझं खरं दुखणं वेग नव्हतं, नो-बॉल होतं. मी धावत यायचो, मध्येच लय तुटायची, मग क्रीज गाठायला लांब टांग टाकायचो आणि पाय रेघेच्या पुढे. चाळिशी आलेली, खांदा दुखतोय, आणि बायको विचारतेय की हे सगळं कशासाठी. एका रविवारी माझ्या नो-बॉलवर दोन विकेट गेल्या, तेव्हा आमचा कॅप्टन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू आता फिल्डिंग एन्जॉय कर." कॅप्टन इतकं गोड बोलला की समजावं, आपली बॉलिंग संपली. मला ते फार लागलं. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या चुका शोधायच्या, एवढंच माझं काम. आठवड्यातून एकदा चेंडू हातात यायचा, तेवढीच एक गोष्ट माझी स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलो, तर काका तिथेच उभे. "उद्या सकाळी ग्राउंडवर ये," म्हणाले. "बॉल आणू नको."

मी गेलो. त्यांनी मला रिकाम्या हातानं पळायला लावलं आणि स्वतः अंपायरच्या जागी उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "एक विचारू? तुमच्या कंपनीचे सगळे बॉलर मध्येच उडी का मारतात? एवढी वर्षं बघतोय. मला वाटलं, नवस-बिवस असेल."

ग्राउंडवर मी उडी मारतो हेच मला माहीत नव्हतं. मग एका दुपारी ते आमच्या कंपनीत आले, आम्ही प्रॅक्टिस कुठे करतो ते बघायला. शेड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली अरुंद पट्टी, आणि तिच्यात, बरोबर रन-अपच्या वाटेवर, ड्रेनेजच्या चेंबरचं वर आलेलं झाकण. पाय अडकू नये म्हणून आम्ही सगळे त्यावरून उडी मारायचो. मोठ्या ग्राउंडवर चेंबर नव्हतं, पण उडी होतीच. काका झाकणाकडे बघून इतके हसले, की वॉचमन काय झालं म्हणून धावत आला. "अरे, लय भारी!" ते डोळे पुसत म्हणाले. "पिच कुठलंबी असो, तुम्ही आपलं चेंबर संगं घेऊन फिरताय!"

ती उडी काढायला पावसाळा संपून थंडी लागली. त्यांची रीत साधी होती. मला क्रीजपासून उलट्या दिशेनं, मोकळं पळायला लावायचे आणि ज्या जागी शरीर आपोआप चेंडू टाकायला उठतं तिथे चपलेनं खूण करायचे. तेवढंच अंतर मोजून रन-अप तिथून सुरू. पहिली पावलं चालत, मग जरा वेग, आणि शेवटी ताण अजिबात नाही. "क्रीज काही बस नाय, सुटायला," म्हणायचे. "ती तिथंच हाय. तू ये निवांत."

चेंडू पुष्कळ दिवसांनी हातात दिला. मी तो आवळून धरायचो. त्यांनी माझी बोटं एकेक करून सैल केली. "बाजारात पोराचं बोट धरतोस ना, तसं धर. सुटणार नाही, पण त्याला दुखणारही नाही. आणि सोडलास की तिथेच थांबू नको. हात खाली जाऊ दे, अंग पुढे जाऊ दे. टाकलेल्या बॉलला जरा पोचवायला जा." गावाकडे पाहुण्याला पोचवायला वेशीपर्यंत जातात, तसं. मी चेंडूच्या मागे दोन पावलं जाऊ लागलो आणि खांदा दुखायचा थांबला.

आता तुम्ही म्हणाल, अंपायरनं एका टीमच्या बॉलरला शिकवणं बरोबर आहे का? हेच दुसऱ्या टीमवालेही म्हणाले. पण काका जो विचारेल त्याला शिकवायचे; आमच्याविरुद्ध खेळणाऱ्यालाही. एकदा कुरकुर वाढली, तर त्यांनी संयोजकांना सांगितलं, मला काढा. संयोजकांनी काढलं नाही. पक्षपात केला म्हणून दाखवायला त्यांचा एकही निर्णय कोणाला सापडेना.

मग कळलं, ते नाशिक सोडणार. गावाला मोठा भाऊ एकटा पडला होता. भात, नागली बघायला कोणी नव्हतं. काकूंचीही तयारी होती. जायच्या आदल्या रविवारी आमची फायनल, आणि उभे तेच. कॅप्टननं बऱ्याच महिन्यांनी माझ्या हातात चेंडू दिला, तोही शेवटच्या ओव्हरला, कारण बाकीच्यांच्या ओव्हर संपल्या होत्या. समोरच्यांना थोड्याच धावा हव्या होत्या आणि त्यांचा जमलेला बॅट्समन समोर होता. मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं. काकांसमोर एक विकेट, पाय रेघेच्या आत ठेवून घेतलेली.

ओव्हरमध्ये मधेच तो चेंडू पडला. मी चालत निघालो, वेग आला, शरीर आपोआप उठलं, हात मोकळा फिरला. चेंडू बोटांतून असा सुटला की सुटल्याचं कळलंसुद्धा नाही. पडला आणि जरासा आत आला. मधली दांडी उडाली. पोरं ओरडत माझ्या अंगावर धावली. मी वळून काकांकडे पाहिलं. हात आडवा होता. त्या गलक्यात त्यांचा आवाज कोणालाच ऐकू गेला नव्हता.

"काका, आज तरी!" कॅप्टन कळवळून म्हणाला. काकांनी मातीतल्या खुणेवर बोट ठेवलं. टाच रेघेच्या पुढे होती, अगदी बोटभर. पुढचा चेंडू मी टाकला आणि बॅट्समननं तो सीमेपार मारला. मॅच गेली. मी काकांशी न बोलता घरी आलो. राग होता, आणि रागाची लाजही वाटत होती.

संध्याकाळी ते घरी आले. बायकोनं चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, "राजा, एक सांगतो. आज मला वाटलं, नाय बघितलं म्हणावं. कधी वाटलं नव्हतं असं. तुझा हात सुटला ना, लय मोकळा सुटला. एवढा चांगला बॉल मी जवळून बघितला नाय. आणि पायाकडे बघायचं माझ्या नशिबी." त्यांचे डोळे भरले होते. माझा राग तिथेच संपला. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. त्यांनी मला अर्ध्यातच उठवलं आणि चहा गार झाला म्हणून बायकोकडे दुसरा मागितला.

ते गावाला गेले त्याला आता काही वर्षं झाली. मी अजून खेळतो. कॅप्टन मला बॉलिंग देतो, नो-बॉल क्वचित पडतात, विकेटही मिळतात. त्या चेंडूची स्कोअरबुकात नो-बॉल म्हणून एक धाव आहे, बाकी काही नाही.

काकांचा अधूनमधून फोन येतो. घरात रेंज नाही, म्हणून टेकाडावर चढून लावतात. दम लागलेला ऐकू येतो. भाताचं सांगतात, भावाच्या तब्येतीचं सांगतात, आणि मग हमखास तो चेंडू निघतो. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा तो बोटभर आत आला होता. मागच्या दिवाळीला वीतभर आला. परवा तर म्हणाले, ऑफ स्टंपच्या पार बाहेरून हातभर वळला, बॅट्समन बघतच राहिला. बोटभर टाचेसाठी फायनल घालवणारा हा माणूस. मी फोन कानाला धरून नुसतं हो म्हणतो.