एका बोटाचा ब्रेक

त्याला सगळे एकबोट्या म्हणत. नाव ऐकून आलेलं नवीन गिऱ्हाईक आधी चोरून त्याच्या हातांकडे बघायचं. दहाही बोटं जागच्या जागी असायची, काळी, तेलकट, नखं झिजलेली. मग कुणीतरी खुलासा करायचं की बोटबीट काही तुटलेलं नाही. ब्रेक एका बोटाने लागला पाहिजे, असं हा माणूस उठता-बसता म्हणतो, म्हणून ते नाव. दुरुस्त झालेली गाडी तो दुकानासमोरच्या उतारावर न्यायचा, तर्जनी तेवढी लिव्हरवर ठेवायचा आणि गाडी जागीच उभी राहिली की "घेऊन जा" म्हणायचा. तीस वर्षं हीच परीक्षा. कुणी शंका काढली तर हातातला पाना खाली ठेवून त्याच्याकडे असा बघायचा की तो माणूस मुकाट्याने गाडी ढकलत निघून जायचा. कामाच्या बाबतीत हा नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

दुकान गावाच्या शेवटाला होतं, जिथून डोंगराचा कच्चा रस्ता सुरू होतो. पुढे शटर, मागे एक खोली. लग्न राहून गेलं होतं. आईवडील गेले तेव्हा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता. त्याचे डबे, त्याचं दप्तर, त्याची आजारपणं करता करता याचे केस पिकले. धाकट्याचं लग्न मात्र त्याने हौसेने लावून दिलं. धाकटाही दादाच्या शब्दाबाहेर नव्हता, आणि सगळं तिथेच नडलं.

धाकटा डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्याची देखभाल करायचा. तारा तपासायच्या, गंज काढायचा, यंत्रांवरचे आकडे लिहून आणायचे. रस्ता सात वळणांचा, सुट्या दगडांचा. ऑफिसने त्याला डोंगरात चालणारी विजेवरची मोटारसायकल दिली. आवाज अजिबात नाही, पण मूठ जरा पिळली की पुढचं चाक हवेत. पहिल्याच आठवड्यात धाकटा एक खोका घेऊन दुकानात आला.

"दादा, गाडीचा जोर केवढा आणि ब्रेक बघ केवढासा. हे चार पिस्टनवाले आणलेत. डिस्कपण मोठी आहे. बसवून दे ना."

एकबोट्याने गाडी उतारावर नेली, बोट ठेवलं. गाडी उभी.

"लोण्यासारखा लागतोय," तो म्हणाला. "तुला काय नांगर टाकायचाय का?"

"अरे, पण उतरताना सामान असतं पाठीवर..."

"तीस वर्षं ब्रेक बघतोय मी. उगाच चांगलं आहे ते खोलायचं कशाला?"

खोका फळीवर गेला. भावाचं तोंड उतरलेलं बघून याला जरा वाईट वाटलं, म्हणून त्याने वर एक सल्लाही दिला. पेट्रोलवर उभा जन्म काढलेला माणूस तो. टाकी भरलेली असली की निम्मी काळजी मिटली, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. "वर पोचलास की गाडी चार्जिंगला लावत जा. काम होईस्तोवर भरेल. मग उतरताना कुठे अडकायची भीती नाही." मनोऱ्याशेजारच्या खोलीत सोयीचा सॉकेट नव्हता. पुढच्या रविवारी हा स्वतः भावामागे बसून वर गेला आणि सॉकेट बसवून आला.

मंगळवारी धाकटा चौथ्या वळणावरून खाली दरीत गेला.

ऑफिसने अहवाल दिला: चालकाचा वेग प्रमाणाबाहेर. एका ओळीत माणूस संपवला. आणि मोडलेली गाडी दुरुस्तीला पाठवली ती एकबोट्याकडेच. जवळपास दुसरा होताच कोण?

दोन दिवस त्याने तिच्यावरचं कापड काढलं नाही. तिसऱ्या दिवशी चाक खोललं तर डिस्क तापून निळी पडलेली, पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत, ब्रेकचं तेल उकळून काळं झालेलं. भाऊ सुसाट नव्हता आला. भाऊ पहिल्या वळणापासून ब्रेक दाबतच आला होता. मग बॅटरी जोडली, तर आकडा दिसला अठ्ठ्याण्णव. सीटखाली माहितीचं पुस्तक होतं. या गाडीचं पुस्तक त्याने तोवर उघडलंही नव्हतं. पुस्तक वाचून गाडी दुरुस्त करणाऱ्यांची तो टिंगल करायचा. त्यात लिहिलं होतं की मूठ सोडली की मोटर स्वतःच गाडीला मागे ओढते आणि त्यातून निघणारी वीज बॅटरीत भरते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते. मग मोटर ओढायचं सोडून देते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो.

दुकानासमोरच्या उतारावर बॅटरी अर्धीच होती. निम्मं काम मोटर करत होती आणि शाबासकी बोटाने घेतली होती.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कुणाला? भावजयीला?

तीच तीन महिन्यांनी दुकानात आली. नवऱ्याच्या जागी ऑफिसने तिला घेतलं होतं आणि तसलीच दुसरी गाडी दिली होती. कानाजवळचे केस एकदम पांढरे झालेले, अंगात नवऱ्याचंच जाड जाकीट, बाह्या दुमडलेल्या.

"दादा, सोमवारपासून वर जायचंय. गाडी मला जमते आता. ब्रेक तेवढे तुम्ही बसवा. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही, दादा."

"दुसरं काही काम बघ ना गं," तो कसाबसा म्हणाला.

"दुसरं कोण देतंय, दादा? आणि मी सावकाश चालवीन. यांनी तेवढा वेग आवरायला हवा होता."

त्याच वेळी सांगायचं, तर हा भ्याड माणूस म्हणाला, "ठेवून जा गाडी."

चार दिवस त्याने दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. फळीवरचा खोका काढला. भावाने आणलेले, डिस्क चिमटीत धरणारे चार पिस्टनचे कॅलिपर, जाड डिस्क. तेवढ्याने भागेना, म्हणून धातूचे पॅड मागवले, ब्रेकच्या तेलाच्या दोन्ही नळ्या नव्या घातल्या. भावजयीचं वजन, हत्यारांच्या पिशवीचं वजन तराजूवर करून पुस्तकातल्या तक्त्याशी ताडून पाहिलं. उतारावर बोट ठेवायला गेला आणि त्याला स्वतःच्या बोटाची किळस आली.

रविवारी सकाळी तो एकटा गाडी घेऊन माथ्यावर गेला. आपणच बसवलेल्या सॉकेटला गाडी लावली आणि आकडा शंभर होईपर्यंत पायरीवर बसून राहिला. हत्यारांची पिशवी पाठीवर घेतली आणि उतरायला लागला. मोटर ओढत नव्हती. गाडी नुसती सुटल्यासारखी खाली जात होती. भावाला त्या दिवशी हे असंच वाटलं असणार. दुसरं वळण, तिसरं वळण. डिस्क तापल्याचा वास आला, पण लिव्हर तसाच कडक राहिला. चौथ्या वळणाच्या काठावर त्याने पूर्ण दाबला.

गाडी उभी राहिली. काठापासून चांगली हातभर अलीकडे.

तो उतरून दगडावर बसला आणि मोठ्याने रडला. ब्रेक लागू नयेत, हेच त्याला मनातून हवं होतं. हेही ब्रेक सुटले असते आणि तो कसाबसा वाचला असता, तर त्या उतारावर कुणाचंच काही चाललं नसतं असं म्हणून उरलेली वर्षं ढकलता आली असती. आता तेवढीही पळवाट उरली नाही.

खाली शटरपाशी भावजय वाट बघत उभी होती.

"धरतात का, दादा?"

"धरतात."

"बरं झालं. आणि मी पण वर पोचले की चार्जिंगला लावीन. हे म्हणाले होते ना, दादांनी बजावलंय म्हणून. सॉकेट बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी लावायला लागले ते."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. गप्प राहिलं तर सोमवारी हीसुद्धा शंभरावर उतरणार. ब्रेक आज धरले, पण पॅड झिजल्यावर, पावसात?

"नाही लावायचं," तो म्हणाला. "अर्धी बॅटरी ठेवूनच उतरायचं. भरलेली असली की मोटर ओढत नाही. सगळं ब्रेकवर येतं."

"पण तुम्हीच तर..."

"मीच. ब्रेक त्याने आणले होते. मी बसवले नाहीत. तो वेगात नव्हता गं. चार वळणं ब्रेक दाबत आला तो."

तिने हात पुढे केला.

"चावी द्या."

पुढचं 'दादा' आलंच नाही.

आता रोज संध्याकाळी ती डोंगरावरून उतरते, गाडी दुकानासमोर लावते, चावी खिळ्याला अडकवते आणि चालत घरी जाते. ब्रेक तपासायला दुसरं कुणी नाही, हे तिलाही माहीत आहे. सकाळी तो पॅड बघतो, तेल बघतो, लिव्हर पूर्ण हाताने दाबतो. ती येते, चावी घेते, जाते. पेट्रोलची गाडी असती तर तिसऱ्या वळणापर्यंत आवाज ऐकू आला असता. या गाडीचा काहीच येत नाही, तरी तो शटरपाशी उभा राहतो.