माहेरचं जांभूळ

भिजल्या मडक्याचा वास आला, की सांगलीतल्या माझ्या अंगणातून मी थेट माणमधल्या आमच्या दारात जाऊन उभी राहते. तिथे आईने वाईहून, तिच्या माहेरून, आणलेले जांभळाचे रोप लावले होते. मुळाशी पाझरते मडके पुरलेले, भोवती बाभळीच्या काट्या. पाऊस नसलेल्या त्या वर्षी आपल्या अंघोळीच्या वाट्याचे पाणी ती त्या मडक्यात ओती.

एकदा दळणाला निघताना ती म्हणाली, “पाणी घातलंस की काट्या परत लाव गं. शेळ्यांना कुणाचं म्हायेर कळत न्हाई.”

मी हसले. पाणी घातले, पण बोटात काटा रुतला, म्हणून कुंपण उघडेच टाकून पुस्तकात शिरले. ती परतली तेव्हा तिथे वीतभर सोललेली काडी उरली होती.

त्या काडीवरून तिने हळूच बोट फिरवले. मी बोलणी खायला तयार उभी होते. तिने जवळ घेऊन माझ्या बोटातला काटा काढला आणि एकच शब्द उच्चारला. सुटले, असे वाटून मी खेळायला पळाले. लग्न होऊन माझे घर मागे राहिले, तेव्हा कुठे तो शब्द मला खरा ऐकू आला.

“असूंदे.”