हरण्या, तुझ्या मालकिणीला सांग

हळद शिजते तेव्हा तिचा वास आधी घशात उतरतो आणि मग नाकाला कळतो. उग्र, मातकट, ओल्या धुराचा. चैत्राच्या पांढऱ्या, निर्दय उन्हात तो आमच्या शिवारावर दिवसभर पसरून असायचा आणि येणारे-जाणारे म्हणायचे, काय सुवास सुटलाय! कसला आलाय सुवास? आजही तो आला की माझ्या मस्तकात तिडीक उठते, कारण हळद शिजवायच्या त्या मोठ्या काहिलीत जे पाणी उकळत होतं ते माझ्या बैलाच्या तोंडचं होतं.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे आमचं रान. काहील होती भासऱ्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर त्यांच्या तुकड्यात गेली, ढोरांचा जुना दगडी हौद आमच्या तुकड्यात आला, आणि खोंडपणापासून एका जुवाखाली वाढलेली जोडीसुद्धा फोडली गेली. चांद्या त्यांना, हरण्या आम्हाला. मोटेचं पाणी ज्या थारोळ्यात पडतं तिथून आमच्या हौदापर्यंत जमिनीखालून नळ न्यायचा हक्क तेवढा पंचांनी दिला. लढाईच्या दिवसांत लोखंड कुठलं मिळायला? यजमानांनी कुंभाराकडून खापरी नळ भाजून घेतले, चुन्यानं सांधे बसवले, आणि पहिलं पाणी हौदात खळाळत आलं तेव्हा मी बाईमाणूस असून तिथेच बांधावर बसून हसले होते.

त्या चैत्रात धार करंगळीएवढी झाली, मग थेंबाथेंबावर आली, मग तीही थांबली. वर मोट तर कुरकुरत चाललेली. यजमान पाहून आले. नळाच्या तोंडात जुन्या धोतराचा बोळा ठासलेला होता. काढून आले असते तर! पण ते थोरल्यापुढे मान वर करत नसत. हळदीला पाणी पुरेना, असं भासऱ्यांचं म्हणणं. खरं काय ते आंधळ्यालाही दिसत होतं. तहानेपायी बैल विकला की रान पडीक, आणि पडीक रान गिळायला ते टपलेलेच. मी गावातून घागरी वाहून आणायचे. हरण्या एका दमात घागर संपवायचा आणि माझ्याकडे पाहत राहायचा.

भासऱ्यांशी धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, पदर नाकाखाली ओढून वाट सोडायची, हा आमच्याकडचा रिवाज. बैलाशी बोलायला मात्र कोणाची मनाई नव्हती. मी हरण्याला बांधापर्यंत नेलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून, वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काहून वाट पाहून राहिलास रे हरण्या? ज्याचा हात पाण्यावर हाय त्याला तुझी तहान दिसत न्हाई."

काहिलीखालचं लाकूड सरकवत, माझ्याकडे पाठ करून, भासऱ्यांनी उत्तर दिलं तेही त्यालाच. "हरण्या, तुझ्या मालकिणीला सांग, हळद निघाल्याबिगर पाणी खाली यायचं न्हाई. लईच तकलीफ आसंल तर बाजार बाळापुरातच हाय."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बिचारा हरण्या कान हलवत दोघांचं ऐकत होता.

पण त्या माणसाच्या हिशेबात एक राहून गेलं होतं. दोन्ही बैल जन्मभर याच हौदावर प्यालेले. दुपारी मोट सुटली की चांद्या बांध ओलांडून सरळ खाली येई, हरण्याच्या मानेला मान लावून कोरडा दगड चाटत उभा राही. भासऱ्यांनी त्याला काठीनं परतवला, पुढ्यात भरलेली बादली ठेवली. चांद्यानं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो मोटेच्या उतारावर जो बसला तो उठेचना. तेव्हा कुठे भासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बोळा उपसला. हौदात पाणी आलं, चुन्याचा आणि हळदीचा वास घेऊन, आणि दोघं बैल एकदमच खाली वाकले. मी मोठ्यानं म्हणाले, "पी बापा, पण हे आपल्यासाठी आलं आसं समजू नको."

त्यानंतर नळ कधी बंद पडला नाही आणि भांडणही थांबलं नाही. बांध कोरला, कडबा भिजला, जे काय असेल ते आम्ही हरण्याला सांगत राहिलो. माझं विष त्याच्या एका कानात, त्यांचं दुसऱ्या.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी हरण्या गेला. चांद्या आधीच गेला होता. भासरे खाली आले, पागोटं काढून हौदाजवळ, पडलेल्या हरण्यापाशी उभे राहिले. नळ वाहत होता, भरल्या हौदावरून पाणी मातीत सांडत होतं. त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं हरण्याकडे पाहिलं आणि मिटलं. माझ्याही ओठाशी काहीतरी आलं होतं. शिवी होती की दुसरं काही, मला अजून ठरवता येत नाही. पदर तसाच धरून मी उभी राहिले. आता ज्याला सांगावं असं आमच्या मधे कोणी उरलं नव्हतं.